माझ्या वाफ्यांत तिचे जंतू

माझ्या धाकट्या जावेचे गोडवे गाणारे लोक पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. पण तिला सगळ्यात जवळून आणि सगळ्यात बारकाईनं पाहिलंय ते मीच, कारण मी तिच्यावर जळत होते. ज्याच्यावर आपण जळतो त्याचं उठणं-बसणं आपल्याला पाठ असतं. ती चहात साखर किती घालते, दारात आल्यावर कुठल्या पायातली चप्पल आधी काढते, हे तिच्या नवऱ्याला विचारलं तर तो डोकं खाजवत बसेल. मी झोपेतून उठून सांगेन. दीड चमचा, आणि डावी.

ती या घरात आली तेव्हा मला इथं येऊन सात वर्षं झाली होती. लग्नाआधी ती माती तपासायच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला होती. आठ वर्षं तिनं तेच केलं. काचेची भांडी आधी साबणानं, मग आम्लानं, मग तीनदा साध्या पाण्यानं आणि तीनदा शुद्ध पाण्यानं. शिक्षण माझ्याइतकंच, म्हणजे बेताचं. आम्लानं तिच्या बोटांची टोकं पांढुरकी आणि खरखरीत झाली होती. आमच्या घरी आल्यावरसुद्धा प्यायचा पेला धुतला की ती तो उजेडात धरून बघायची, एकदा सरळ, एकदा तिरका. मी तिला ‘बाटली’ म्हणायला लागले. महिन्याभरात घरात सगळेच म्हणायला लागले. तिला लागावं म्हणून मी ते नाव ठेवलं होतं, पण ती हसली. वर स्वतःच दारावर थाप मारून ‘मी बाटली, दार उघडा’ असं म्हणायला लागली. माझा सगळा नेम वाया गेला.

तिची आणखी एक खोड म्हणजे चिठ्ठ्या. घरातल्या प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर आत काय आहे ते आणि कधी भरलं त्याची तारीख. माझ्या मिठाच्या डब्यावरही तिनं ‘मीठ’ असं लिहून ठेवलं. मी म्हटलं, मीठ मला कळतं. ती म्हणाली, तुम्हाला कळतं हो ताई, पण पाहुण्यांना कसं कळणार. माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून ‘काकू, काकू’ करत तिच्याकडे पळायची, कारण काकूच्या खोलीत भिंग होतं आणि काकू मुंगीचे पाय दाखवायची. मी तिला नऊ महिने पोटात वाढवलं आणि ती मुंगीच्या पायांवर फितूर झाली.

आता माझं सांगते. माझं शिक्षण नसेल, बोलणं गोड नसेल, पण माझा हात लागवडीचा. हे मी म्हणत नाही, लोक म्हणायचे. सासरे तर म्हणायचे की थोरलीनं झाडूची काडी रोवली तरी तिला पानं फुटतील. आमची जागा लांबट आणि अरुंद, अठरा वाफ्यांची. सासरे गेल्यावर मधून पाऊलभर रुंदीची वाट ठेवून नऊ वाफे माझ्याकडे आले आणि नऊ तिच्याकडे. जमीन सासूबाईंच्याच नावावर राहिली. दोघे भाऊ माल पोचवायचे, पिकवायचं आम्ही दोघींनी. आमचा पालक रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जायचा, आणि तिथली आचारीण गाडी आली की विचारायची, थोरलीचा कुठला? माझ्या जुड्या आधी उचलायची. हे एक सुख माझं होतं आणि त्यात धाकटीला वाटा नव्हता.

ते सुखही गेलं. आमच्या जागेला लागून एका कारखान्याची भिंत होती. तिथं नळांना आणि दाराच्या मुठींना चकचकीत मुलामा द्यायचे. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, पण त्याचं सांडपाणी इतकी वर्षं भिंतीखालून आमच्याकडे मुरत आलं होतं, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रुग्णालयानं एकदा सगळ्या भाज्या तपासायला पाठवल्या. आमच्या पालकात कॅडमियम निघालं. हा एक धातू. दिसत नाही, वास येत नाही, चव लागत नाही, पण खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात जाऊन बसतो आणि उठत नाही. दुसऱ्या दिवसापासून आमची गाडी दारातूनच परत यायला लागली. मी वीस वर्षं आजारी माणसांना काय खाऊ घातलं, या विचारानं मला चार दिवस अन्न गेलं नाही. पुढची दोन वर्षं आम्ही वाफ्यांत शोभेची फुलं लावली. फुलं चांगली आली. पण फुलांत माझा जीव रमेना.

मग धाकटी तिच्या जुन्या प्रयोगशाळेत गेली आणि एका बाईंना घेऊन आली. त्या मातीच्या डॉक्टर, म्हणजे डॉक्टरकीची पदवी मातीवर घेतलेली. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. जागा फिरून बघताना धाकटी त्यांना थेट भिंतीकडे घेऊन गेली. तिथं सांडपाण्याच्या फुटक्या नळाशी एक रानटी गवत उगवायचं, जाड देठाचं, हिरवंगार. धाकटी म्हणाली, मॅडम, इथं सगळ्यात जास्त विष असणार, आणि इथंच हे एवढं माजलंय. ह्याच्या मुळांशी कोणीतरी राहत असेल. मॅडमनी तिच्याकडे असं पाहिलं जसं मी परीक्षेत पहिल्या आलेल्या माझ्या मुलीकडे बघते. मग दोघी मातीत उकिडव्या बसल्या आणि मुळं खरवडून बाटलीत भरली.

ते गवत बावीस वर्षं मी उपटून फेकत होते. दर पंधरा दिवसांनी, कमरेत वाकून. त्याची मुळं माझ्याच नखांत अडकायची. आणि त्या मुळांचं नाव झालं ते तिच्यामुळे.

दोन महिन्यांनी मॅडम परत आल्या आणि आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी समजावून सांगितलं. गवताच्या मुळांवर खरंच एक जिवाणू सापडला होता. तो मुळांभोवती चिकट थर करून बसतो आणि धातूला तिथंच धरून ठेवतो, वर पानात जाऊ देत नाही. त्याच्या जोडीला वनस्पतींचं एक हार्मोन. झाडाच्या अंगात ते असतंच, पण विषारी मातीत झाड घाबरतं आणि मुळं आखडतं, तेव्हा बी पेरायच्या आधी त्याला बाहेरून थोडं हार्मोन दिलं की मूळ धीर धरतं. थोडं म्हणजे किती, तर बादलीभर पाण्यात काडीच्या टोकावर मावेल एवढं. आम्हाला एक हंगाम मिळणार होता. नगर कचेरीत आमच्या जागेची फाइल उघडी होती. हंगामाच्या शेवटी मॅडम अठराही वाफ्यांची पानं तपासणार आणि कागद देणार. पानं स्वच्छ निघाली तर आम्ही पुन्हा भाजी लावायची. नाही तर ही जमीन खाण्याच्या पिकांना कायमची बंद. मॅडमनी हेही सांगून ठेवलं की निम्म्या वाफ्यांत जमलं आणि निम्म्यांत नाही, तर त्याला त्या उपाय म्हणणार नाहीत.

जिवाणू वाढवायचं काम अर्थातच धाकटीकडे. टबात नळाचं पाणी भरून एक दिवस उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. नाही तर जिवाणू मरतात. मग त्यात साखर कारखान्याची मळी, मग मॅडमच्या बाटलीतलं विरजण. दर आठव्या दिवशी ते मुळांशी घालायचं. मॅडम तिला सगळं ‘तुम्हाला कसं वाटतं?’ असं विचारून ठरवत होत्या. मला त्यांनी एकच विचारलं, आणखी एक खुर्ची आहे का?

मी खुर्ची आणून ठेवली आणि सांगून टाकलं की माझ्या वाफ्यांत ते जंतू घालायचे नाहीत. मॅडम म्हणाल्या, जंतू नव्हे, जिवाणू, चांगले असतात. मी म्हटलं, चांगले असतील तर तिच्याकडे राहू देत. धाकटी टबाच्या काठावरचा डाग पुसत बसली. बी भिजवायच्या हार्मोनच्या पुड्या मात्र मी चालवून घेतल्या. बी भिजवणं हे पहिल्यापासून सासूबाईंचं खातं, आणि पुडी मॅडमची होती, धाकटीची नव्हती.

पेरणी झाली. आठ दिवसांनी, नुकतं उजाडत होतं, मी भाजी धुवायच्या पडवीत पाणी भरत होते. खिडकीतून पाहिलं तर धाकटी झारी घेऊन मधली वाट ओलांडून माझ्या बाजूला आली होती. पाय न वाजवता, एकेका वाफ्याच्या मुळाशी काहीतरी ओतत ती नवव्या वाफ्यापर्यंत गेली आणि तशीच परत फिरली. ती गेल्यावर मी जाऊन माती हुंगली. आंबूस-गोड वास.

मला काय वाटावं? टबाच्या तळाचा गाळ तिनं माझ्याकडे रिकामा केला, नाही तर माझं पीक बिघडावं म्हणून मुद्दाम काहीतरी घातलं. माझे नऊ वाफे पडले की तिचे नऊ उठून दिसतील. तिच्या जागी मी असते तर मी हेच केलं असतं, म्हणून मला खात्रीच पटली. तोंडावर विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तिनं शांतपणे उत्तर दिलं असतं, आणि तिचं ते शांतपणे बोलणं ऐकलं की माझ्या अंगाची आग होते. पडवीत भाजी धुवायचे हौद घासायला ब्लिचिंग पावडर असायची. मी एका झारीत दोन चमचे विरघळवली आणि नऊही वाफ्यांच्या मुळांशी घातली. पानांवर उडू दिली नाही, एवढी अक्कल होती.

आठ दिवसांनी ती परत आली. मी परत धुतलं. असं सहा वेळा. तिनं यायचं, ओतायचं, जायचं, आणि तासाभरानं मी त्यावर माझी झारी फिरवायची. त्या दिवसांत आम्ही एकमेकींशी फार गोड वागत होतो.

आणि माझा पालक असा आला की बघणाऱ्यानं बघतच राहावं. तळहाताएवढी पानं, काळपट हिरवी, देठ ताठ. तिचाही चांगला होता, पण माझ्यापुढे जरा अंग चोरून उभा राहिल्यासारखा. वाटेनं जाणारे थांबून विचारायचे की ह्या डावीकडच्या पालकाला काय घातलंय? मी म्हणायची, काही नाही हो, हात. एकदा संध्याकाळी धाकटी मधल्या वाटेवर उभी राहून माझ्या वाफ्यांकडे बराच वेळ बघत होती. मी पडवीतून तिच्याकडे बघत होते. त्या संध्याकाळी मला जेवण गोड लागलं.

मॅडमनी येऊन अठराही वाफ्यांची पानं कात्रीनं कापली, कागदी पिशव्यांत भरली, पिशव्यांवर आकडे घातले. पंधरा दिवसांनी त्या निकाल घेऊन आल्या. दुपारची वेळ. दोघे भाऊ बाहेर होते. स्वयंपाकघरात मॅडम, सासूबाई आणि आम्ही दोघी एवढ्याच होतो. मॅडमनी कागद टेबलावर पसरला, पण बसल्या नाहीत.

धाकटीचे नऊच्या नऊ वाफे स्वच्छ होते. माझ्या नऊही वाफ्यांत धातू मर्यादेच्या कितीतरी वर होता, मागच्या वेळेपेक्षाही जास्त.

मॅडमनी धाकटीची वही मागितली. बाटलीच ती, तिनं रोजचं लिहून ठेवलं होतं. मॅडमनी पानं उलटली आणि म्हणाल्या की मला हेच समजत नाही, अठराही वाफ्यांना एकाच दिवशी, एकाच टबातून, सारखंच घातलंय. मी वहीत डोकावले. तिच्या अक्षरात तारीख, आणि पुढे ‘माझे नऊ, ताईंचे नऊ’. सहाही वेळा.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, मीच तिला सांगितलं होतं. तू हट्टाला पेटलेली. जमीन एक आहे, ती वाचवायची तर सगळीच वाचवायला हवी. म्हटलं, थोरली उठायच्या आत घालून ये, तिला कळायला नको. दोघा भावांनाही मीच बजावलं होतं, तुला सांगू नका म्हणून. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, नवऱ्यालाही माहीत होतं, मला सोडून. माझे कान तापले. मी सहा वेळा काय धुऊन टाकलं ते मला तेव्हा कळलं, आणि तरीही माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की मला कोणी सांगितलं नाही.

मॅडमनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, ‘उपाय सारखा दिला आणि निम्म्या ठिकाणी उलटला, तर मला लिहावं लागेल की हा भरवशाचा नाही. दुसऱ्या कोणाला मी हा सांगू शकणार नाही. तुमच्या जागेचा कागदही नाहीच मिळणार.’

धाकटीचा चेहरा उतरला. मी तिला इतक्या वर्षांत तशी पाहिली नव्हती. गवत तिनं दाखवलं, टब तिनं सांभाळला, आठ वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्या धुतल्यावर ही एक गोष्ट तिची स्वतःची झाली होती, आणि ती आता माझ्या डोळ्यांसमोर बुडत होती. मला बोलायचं होतं एकच वाक्य. पण खरं सांगते, मी गप्प राहिले. मला बरं वाटत होतं. माझे वाफेही तिच्याबरोबर जात होते, बावीस वर्षांचं काम जात होतं, हे कळत असूनही बरं वाटत होतं. एकदा तरी तिचं काहीतरी फसलं होतं.

तेवढ्यात तीच बोलली. टेबलाकडे बघत, हळू.

‘मॅडम, उपाय चुकला नाही. माझा हात चुकला असेल. ताईंच्या वाफ्यांना मी घालायचे, पण मनापासून नाही घालायचे.’

मॅडमनी विचारलं, म्हणजे?

‘ह्यांचा पालक माझ्याहून चांगला यायला लागला. बी तेच, पाणी तेच, सगळं तेच, तरी ह्यांचा चांगला. पहिल्यापासून असंच आहे. मी मोजूनमापून करते, ह्या नुसता हात लावतात आणि उगवतं. मला फार त्रास व्हायचा त्याचा. शेवटी शेवटी झारी त्यांच्या बाजूला जरा लवकर उचलली जात असेल. वहीत मी सारखंच लिहिलं. पण तुम्ही ते खरं धरू नका.’

एवढं बोलून तिनं वही मिटली आणि मॅडमकडे सरकवली. तिचे कान लाल झाले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती.

सोळा वर्षं मी हिच्यावर जळले, आणि त्या सोळा वर्षांत ही वाटेच्या पलीकडे उभी राहून माझ्यावर जळत होती. कोणाला माझा हेवा वाटत असेल असं मला स्वप्नातही आलं नव्हतं. आणि न केलेल्या पापाची कबुली देऊन ती मोकळी झाली होती. केलेलं पाप माझ्याच घशात अडकलं होतं.

‘हिनं लवकर उचलली नाही झारी,’ मी म्हटलं. ‘मी बघत होते. प्रत्येक वाफ्याला सारखं घालायची. मग मी ब्लिचिंग पावडरचं पाणी ओतायचे त्यावर.’

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. धाकटीनं मान वर केली.

मॅडम मात्र झटक्यात खाली बसल्या. त्यांनी रागावायला हवं होतं. त्यांनी पेन उघडलं. पाण्याची झारी केवढी, पावडर किती चमचे, तिच्या घालण्यानंतर किती वेळानं, सगळं विचारलं. सहाही तारखा मी तोंडपाठ सांगितल्या, कारण त्या तिच्याच तारखा होत्या. धाकटी मॅडमच्या पेनाकडे बघत होती. मॅडमनी माझ्या वाफ्यांच्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या की आता जुळतं. हार्मोन दोन्हीकडे पोचलं, म्हणून मुळं दोन्हीकडे वाढली. तुमच्याकडे तर तुमचा हातही. भरपूर मुळं, म्हणजे पिणारी तोंडंही भरपूर, आणि राखण करणारे जिवाणू तुम्ही दर आठवड्याला मारून टाकलेत. म्हणून पान देखणं आणि विष जास्त. नुसत्या हार्मोननं काय होतं ते बघायला त्यांना जिवाणूंशिवायचे वाफे हवेच होते, जागेअभावी घेता आले नव्हते. ते मी फुकटात करून दिले. प्रयोगशाळेच्या कागदात माझे नऊ वाफे आजही आहेत. ‘जिवाणूंविना’ असं त्यांच्यावर लिहिलंय आणि त्यांचा उपयोग, असं करू नये हे दाखवायला होतो.

नगर कचेरीतून मॅडमनी आणखी एक हंगाम मागून घेतला. त्या गेल्यावर धाकटीनं मला एवढंच विचारलं, ‘सहाही वेळा, ताई?’

‘सहाही वेळा.’

‘मी थंडीत उठत होते,’ ती म्हणाली, आणि आत गेली.

अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आधी मला वाटायचं की हिला राग येतच नाही. येतो. तिनं माझा चहा करणं बंद केलं, माझ्या मुलीकडून निरोप पाठवायला लागली आणि ‘बाटली’ म्हणून हाक मारली तर ओ द्यायची बंद झाली. मी दोनदा बोलायला गेले, दोन्ही वेळा ती पेला उजेडात धरून बघत राहिली. बाराव्या दिवशी सकाळी माझ्या बाजूच्या पहिल्या वाफ्याशी एक नवा टब, मळीचा डबा आणि कोरी वही ठेवलेली दिसली. ती वाटेच्या पलीकडे उभी होती.

‘आता तुमचे तुम्ही घाला,’ ती म्हणाली. ‘मी उठणार नाही.’

त्या हंगामात मी कोणी नवी सून करणार नाही असं काम केलं. पाणी एक दिवस उघडं ठेवायचं तर मी दीड दिवस ठेवलं. मळी चमच्यानं मोजली. टबातला वास बदलला की तिला बोलवायला जीव जायचा, पण बोलवत होते. ती यायची, वास घ्यायची आणि ‘ठीक आहे’ नाही तर ‘ओतून द्या’ एवढंच बोलून जायची. दोनदा मी ओतून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. वही माझ्या वाकड्या अक्षरात भरत गेली. पालक आला. मी त्याचं कौतुक कोणाजवळ केलं नाही, कारण पान देखणं असलं म्हणजे काय हे मला आता कळलं होतं. मॅडम पानं कापून घेऊन गेल्या त्यानंतरचे पंधरा दिवस मी मोजत होते आणि धाकटीही मोजत होती. आम्ही एकमेकींना तसं दाखवलं नाही.

निकाल टपालानं आला, म्हणून तो आम्ही दोघींनी मधल्या वाटेवर उभं राहूनच फोडला. अठराही वाफे मर्यादेच्या आत होते. खाली मॅडमची सही, कचेरीसाठीचा वेगळा कागद, आणि त्यावर स्पष्ट लिहिलेलं की या जमिनीत पालेभाजी लावायला हरकत नाही. सासूबाईंना सांगायला मी दोन पावलं गेलेसुद्धा. मागे वळून पाहिलं तर धाकटी अजून तिथंच उभी होती. कागद जवळ धरून ती एकेका आकड्यावरून बोट खाली नेत होती आणि परत वर. मी परत आले आणि तिच्या खांद्यावरून पाहिलं. माझ्या सातव्या वाफ्याचा आकडा अठरा वाफ्यांत सगळ्यात कमी होता. तिच्या सगळ्यात चांगल्या वाफ्यापेक्षाही कमी.

तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. तो चेहरा मी आरशात इतकी वर्षं पाहिलाय, तो मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

‘यंत्राची चूक असेल,’ ती म्हणाली.

‘असेल,’ मी म्हटलं. ‘आपण पुन्हा तपासून घेऊ.’